आदल्या वर्षीची जर्सी

चौदा वर्षांत मी नऊ क्लबांकडून फुटबॉल खेळलो. हे ऐकलं की लोकांना वाटतं, हा मोठा खेळाडू असणार. अहो, मोठ्या खेळाडूला क्लब धरून ठेवतात. माझ्यासारख्या बचावपटूला एका हंगामाचा करार मिळतो आणि हंगाम संपला की हसून निरोप मिळतो. मी गोव्यात खेळलो, केरळात खेळलो, कोलकात्यात दोनदा जाऊन आलो. शिलाँगला तर अंगाखाली एक आणि अंगावर दोन सोलापुरी चादरी घेऊन झोपत होतो, तरी दात वाजायचे. एवढ्या वर्षांत गोल केले तीन, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. तरीही मला माझं काम फार आवडायचं. समोरचा फॉरवर्ड वैतागून पंचांकडे तक्रार करायला लागला की मला पोटभर जेवल्याचं समाधान मिळायचं.

घर आमचं सोलापूरला, भवानी पेठेत. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग सांभाळायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. दर हंगामाला मी नव्या क्लबाची एक जर्सी घरी पाठवायचो, पाठीवर माझा पाच नंबर. मला वाटायचं, अण्णा ती कपाटात जपून ठेवतील. ते ती घालून कारखान्यात जायचे.

"कापड चांगलं हाय. घाम लगेच सुकतोय," एवढंच त्यांचं मत.

कापडाबद्दल अण्णा बोलले की विषय संपला. माझ्या खेळाबद्दल मात्र चकार शब्द नाही. टीव्हीवर सामना असला तर दहा मिनिटं बघायचे आणि उठायचे. "तू दिसतच न्हाईस की. चेंडू तिकडं आन तू हिकडं." मग आईकडे वळून, "ह्येला नुस्तं उभं ऱ्हायला नेत्यात." आई हसायची. मीही हसायचो, पण खरं सांगतो, ते मला लागायचं.

चौतिसाव्या वर्षी माझ्या गुडघ्याने हात टेकले. शेवटचा हंगाम पुण्याच्या एका क्लबात मिळाला, आणि मी ठरवलं की अण्णांनी एकदा तरी मैदानात बसून मला खेळताना बघायचंच. नंतर काय म्हणायचं ते म्हणोत. घरच्या मैदानावरचा आमचा शेवटचा सामना होता. मी तिकीट पाठवलं, कुठल्या गेटातून यायचं ते फोनवर तीनतीनदा सांगितलं.

"कळतंय मला. मी काय ल्हान हाय व्हय?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या घरच्या मंडळींच्या रांगेत अण्णांची खुर्ची रिकामी होती. शिट्टी वाजली तरी रिकामी. आलेच नाहीत म्हणजे. मी तसाच खेळायला लागलो आणि जरा रागातच दोघांना आडवं केलं. विसाव्या मिनिटाला थ्रो-इन घ्यायला मी पार पलीकडच्या कोपऱ्यात गेलो. तिथे पाहुण्या संघाचे पाठीराखे ढोल बडवत होते आणि त्यांच्या मधोमध अण्णा बसले होते. अंगात जांभळी जर्सी. माझ्या आदल्या वर्षीच्या क्लबाची. आणि त्या दिवशी आमचा सामना नेमका त्याच क्लबाशी होता.

झालं होतं ते असं. यंदाची जर्सी घरी पाठवायची माझी राहूनच गेली होती, आणि मुलाचा सामना म्हणून अण्णांनी घरातली सगळ्यात चांगली राहिलेली जर्सी धुवून, इस्त्री करून घातली होती. गेटवरच्या माणसाने तिकीट न बघता रंग बघितला आणि त्यांना अदबीने तिकडे नेऊन बसवलं. अण्णांना वाटलं, मीच खास सोय केली आहे. ज्या घरात दोरीवर इतके रंग वाळतात, तिथे यंदा कुठला रंग चालू आहे हे कोण लक्षात ठेवणार? चूक त्यांची नव्हती, माझ्या धंद्याची होती.

मला पाहून त्यांनी हात हलवला. चेंडू हातात घेऊन मी इतका हसलो की पंचांनी मला दम दिला.

सामना शून्य-शून्य सुटला. मी धावतच अण्णांकडे गेलो. जांभळ्या मंडळींनी त्यांना भेळ खिलवली होती, गळ्यात क्लबाचा मफलर घातला होता.

"आज लई कमी पळालास," अण्णा म्हणाले.

माझं तोंड उतरलं. इतकी वर्षं वाट बघून हेच ऐकायचं होतं तर.

"गुडघा दुखतोय, अण्णा."

"तसं न्हाय रं. आमच्या कारखान्यात नवा माणूस दिवसभर पळतोय. धागा तुटला की हिकडं, तुटला की तिकडं. जुन्याला आधीच कळतंय, कुटला धागा तुटणार त्ये. तो आधीच तितं जाऊन ऱ्हातोय. बघणाऱ्याला वाटतंय, नुस्ताच उभा हाय." त्यांनी मैदानाकडे बोट केलं. "त्या धा नंबरवाल्याला एकदाबी जाऊ दिलं न्हाईस. टीव्हीत ह्ये कुटं दिसतंय?"

मला रडू आलं. मी ते घामात खपवलं आणि अंगातली जर्सी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने कापड दोन बोटांत चोळून बघितलं.

"काय खास न्हाय," म्हणाले.

आता मी सोलापुरातच असतो. जुन्या जर्स्या घालून अण्णा अजून कारखान्यात जातात, पण ती शेवटची त्यांनी एकदाही घातली नाही. कारण विचारलं तर कापडाला नावं ठेवतात. परवा आईने मला कपाट उघडून दाखवलं. ती धुवून, इस्त्री करून, त्यांच्या लग्नाच्या फेट्याशेजारी घडी घालून ठेवलेली होती.