घाट पुढच्या वर्षी येतोय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. तीन-चार माणसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसली की ते आपोआप साचतात, माळ्यावर रिकामी खोकी साचतात तसे. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात! परवा ऑफिसात कुणीतरी सहज विचारलं, "दिनेश सर, पुढच्या वर्षी येणाऱ्यातल्या कुठल्या गेमची वाट बघताय?" मी म्हटलं, "बस बापा. आधी चहा सांग."

तर आम्ही तिघं. मी मूळचा यवतमाळचा, राहायला धायरीत. पुण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण राग आला की तोंडातून अजून वऱ्हाडीच बाहेर पडते. विनया कर्वेनगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आणि हेमंत, शनिवार पेठेतला, आमच्यात सगळ्यात शांत. कॉलेजपासून आमची एक रीत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी हेमंतच्या घरी बसायचं आणि पुढच्या वर्षी येणारे गेम आपसात वाटून घ्यायचे. ज्याच्या वाट्याला जो गेम, तो त्याचा मालक. आला की आधी मालक खेळणार, पूर्ण करणार, मग पुढच्याला देणार. तोवर बाकीच्यांनी हात लावायचा नाही. पोरकट आहे? असेल. पण मोडली नाही कधी.

एका वर्षी वाटणी चांगलीच पेटली होती. डोंगरदऱ्यांतून एकट्यानं प्रवास करायचा असा एक मोठा गेम जाहीर झाला होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून आम्ही त्याला 'घाट' म्हणायचो. ट्रेलर बघून तिघंही वेडे झालो होतो. मी म्हणे माझा, विनया म्हणे माझा. हेमंत कधी भांडत नाही, त्या दिवशी तोही भांडला!

आवाज ऐकून अण्णा बाहेर आले. अण्णा म्हणजे हेमंतचे वडील, गणिताचे निवृत्त शिक्षक.

"कशावरून चाललंय?"

"घाटावरून, अण्णा. नवीन गेम."

"आणलाय का?"

"नाही, पुढच्या वर्षी येणार आहे. कदाचित."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," म्हणाले, आणि पेपर घेऊन आत गेले.

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. घाट हेमंतला गेला.

*

हेमंतच्या डोळ्यांचं पहिल्यांदा लक्षात आलं ते विनयाच्या. गेममध्ये तो समोरच्याकडून कधी हरायचा नाही, पण बाजूनं कुणी आलं की मेलाच. दर वेळी. आम्ही हसायचो. विनया एक दिवस हसायची थांबली. तिनं त्याला समोर बघायला सांगितलं, स्वतः बाजूला उभी राहिली आणि हात हलवला.

"हेमंत, माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

दुसऱ्या दिवशी त्याची बायको अश्विनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नजर कडेनं मिटत चालली आहे, नळीतून बघितल्यासारखी. ती आणखी बारीक होत जाणार, मग मधलंही जाऊ शकतं. कधी, ते सांगता येत नाही. औषध नाही.

हा पुढचा भाग अश्विनीनं सांगितलेला. ती अजूनही सांगताना चिडते. डॉक्टर म्हणाले, काही विचारायचंय का? तिला वाटलं, हा नोकरीचं विचारेल, लेकीला हे होईल का ते विचारेल. आणि यानं विचारलं, "या वर्षाअखेरपर्यंत टीव्ही दिसेल का?"

डॉक्टर म्हणाले, "का? वर्ल्डकप आहे का?"

"नाही. घाट आहे."

"ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले," अश्विनी म्हणते, "आणि मी दोघांकडे. वाटलं, इथेच दोघांना दोन ठेवून द्याव्यात!"

लेकीचं त्यानं नंतर विचारलं म्हणे, अश्विनी बाहेर गेल्यावर. ते डॉक्टरांनीच तिला सांगितलं. लेकीलाही तपासलं, ती ठणठणीत आहे.

*

आणि घाट पुढे ढकलला गेला!

ज्यांना या नादाची सवय नाही त्यांना सांगतो. गेमची तारीख म्हणजे सोसायटीच्या लिफ्टची तारीख. उद्या सुरू होणार म्हणतात आणि आपण जिने चढत राहतो. बनवणाऱ्यांनी माफी मागितली होती, छान शब्दांत. झाडाची पानं वाऱ्यानं हलतात ती अजून हवी तशी दिसत नाहीत, म्हणून वेळ हवा.

माझी सटकलीच. हेमंतच्या घरी उभा राहून ओरडलो, "पानं? पानं पाहून राहिले का बे हे? इथं माणसाचे डोळे चालले न! द्या म्हणा जसा हाय तसा, पानं नंतर लावा!"

मलाच मग कसंतरी झालं. हेमंत म्हणाला, "करू दे रे सावकाश. एकदाच खेळायचाय. नीट असलेला बरा."

अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "परीक्षा पुढे ढकलली की पोरं पेढे वाटायची. पुढे ढकलल्यावर तोंड पाडणारे तुम्हीच पहिले."

पण त्या दिवसापासून एक झालं. सकाळी पेपर वाचून झाला की अण्णा हेमंतला विचारायचे, "तारखेचं काही कळलं?" पेपरात कधी येणार नव्हतं ते, पण विचारायचे.

*

मधल्या काळात विनयाचा गेम आला. गेम यायच्या दिवशी रजा घ्यायची हीसुद्धा आमची रीतच. तिनं प्राचार्यांना सांगितलं, "सर, घरी कार्य आहे."

प्राचार्य पक्के पेठेतले. "कसलं?"

"बारसं," विनया म्हणाली. तोंडाला आलं ते बोलली!

"वा. कुणाचं?"

"अजून नाव ठेवायचंय, सर."

रजा मिळाली. पण ती गेम घेऊन घरी गेलीच नाही. थेट शनिवार पेठेत आली, डबी तशीच बंद, आणि हेमंतच्या हातात ठेवली. "आधी तू खेळ."

हेमंतनं डबी बोटांनी चाचपली. मग परत केली.

"मालक कोण?"

"मी. पण मीच म्हणतेय ना?"

"तुझा होईल, मग दिन्याचा होईल, मग माझा. माझा नंबर आला की घेईन."

"अरे, पण तोवर..." विनया बोलून गेली.

हेमंतला मी इतक्या वर्षांत चिडलेला बघितला नव्हता. "तोवर काय? बोल ना! आत्तापासून मला रांगेच्या पुढे काढताय, बसमधल्या म्हाताऱ्यासारखं? मला माझा नंबर हवाय, विनया. तेवढा राहू द्या."

ती गेली आणि तिनं तो गेम झपाझप संपवला. तिच्यानंतर मी. खरं सांगतो, मला त्यातलं काही आठवत नाही. एकच डोक्यात होतं, लवकर संपव, लवकर दे.

*

आता हा किस्सा खुर्चीचा.

लहानपणी हेमंत टीव्हीला नाक लावून बसायचा. अण्णांचं एकच पालुपद. "लांब बस! डोळे जातील!" दिवसातून शंभरदा. आम्ही कॉलेजात असतानाही म्हणायचे, आम्हालाही म्हणायचे. आम्ही काय, हूं म्हणायचो आणि तिथेच बसायचो.

नजर नळीसारखी झाली की गंमत उलटी होते. जवळून टीव्हीचा एकच कोपरा दिसतो. सगळा पडदा त्या नळीत मावायला हवा असेल तर मागे जावं लागतं. म्हणून हेमंत खुर्ची मागे सरकवायला लागला. आधी सोफ्याच्या ओळीत. मग सोफ्याच्या मागे. दिवाळीला गेलो तर खुर्ची भिंतीला टेकली होती. गुढीपाडव्याला गेलो तर सोफाच कोपऱ्यात उभा करून ठेवलेला, आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात. अश्विनी हातात कुकर घेऊन तिला वळसा घालून ये-जा करत होती. एकदाही "सरक" म्हणाली नाही.

अण्णा खिडकीपाशी बसले होते. बराच वेळ त्यांनी ते अंतर बघितलं, टीव्हीपासून खुर्चीपर्यंत.

"लांब बस म्हणून घसा फोडला," ते म्हणाले, "तेव्हा ऐकलं नाहीस."

हेमंत हसला. "आता ऐकतोय ना, अण्णा."

"फार ऐकतोयस," अण्णा म्हणाले. "इतकं नको होतं."

आणि उठून आत गेले. मी चपला घातल्या आणि जिन्यात येऊन रडलो. का लपवू? रडलो.

*

घाट आला तोवर खुर्ची कुठेही ठेवून उपयोग उरला नव्हता. दसऱ्याच्या सुमारास हेमंतचं मधलंही गेलं. उजेड-अंधार कळायचा, बस्स. घाट आला दिवाळीनंतर, गुरुवारी सकाळी.

आम्ही दोघांनी रजा टाकली. या वेळी कुणी कारण विचारलं नाही. हेमंतच्या घरी गेलो तर तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. अश्विनीनं औक्षण करायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

गेम सुरू झाला. वाऱ्याचा आवाज, लांब कुठेतरी घुंगरं. पडद्यावर पहाट होती. मी पानांकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, सुंदर हलत होती.

हेमंतनं कंट्रोलर हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि माझ्याकडे केला. "घे दिन्या. मालक म्हणून सांगतोय. तू खेळ, मी ऐकतो."

मी हात मागे घेतला. विनयानं मान फिरवली. "तू संपवल्याशिवाय मी नाही घेणार," मी म्हटलं. मग तिघंही तसेच बसलो. पडद्यावरचा प्रवासी एका दगडापाशी नुसता उभा होता.

आतून स्टूल ओढत आणल्याचा आवाज आला. अण्णांनी ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात ठेवलं. बसले. इतके जवळ की नाक लागेल.

"मी बघतो," ते म्हणाले. "तू चालव."

"अण्णा, तुम्हाला त्यातलं..."

"मला दिसतं. तेवढं पुरे. समोर पायवाट आहे. वीस अंश डावीकडे वळ."

हेमंत वळला.

"मी डावीकडे म्हटलं. हे उजवीकडे. दहावीलाही हेच केलं होतंस."

विनया फिसकन हसली. हेमंतही हसला, आणि खरंच डावीकडे वळला. प्रवासी चालायला लागला.

"आता सरळ. दगड आहे, थांब. दहा अंश उजवीकडे. हां. एक बाई आलीये, शेळ्या राखतेय. तोंडावरून खाष्ट दिसते. बोल तिच्याशी, पण जपून."

सकाळभर हे चाललं. दोनदा दरीत पडला. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "चूक माझी. कोन चुकला." आणि परत पहिल्यापासून. उन्हं खिडकीतून आत आली तेव्हा प्रवासी पहिला डोंगर चढून वर आला होता. अण्णांचा आवाज बसला होता. अश्विनीनं आणलेला चहा निवून गेला, कुणी घेतला नाही.

"वर आलास," अण्णा म्हणाले. "खाली सगळं खोरं दिसतंय. नदी आहे. पलीकडे..."

आणि लाईट गेली. गुरुवार, आमच्याकडे वीजवाल्यांचा दुरुस्तीचा वार. टीव्ही काळा झाला. वारा, घुंगरं, सगळं एकदम थांबलं. डोक्यावरचा पंखासुद्धा फिरत फिरत बंद पडला.

मी बोलायला तोंड उघडलं. विनयानं माझा हात दाबला.

हेमंत हलला नाही. कंट्रोलर तसाच दोन्ही हातांत, अंगठे जागेवर. अण्णाही हलले नाहीत. काळ्या टीव्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"पलीकडे जायला पूल आहे," अण्णा म्हणाले. "दोरांचा."

हेमंतनं मान किंचित वळवली, आवाजाच्या दिशेनं. "रुंद आहे का?"

"दोघं शेजारी शेजारी जातील एवढा आहे. चल."

हेमंतनं अंगठा पुढे ढकलला.