बायजाने पाहिलेली राणीची बाग

पनवेलच्या खाडीत बायजाचं गाठोडं बुडालं ते माझ्यामुळे. मचव्यात उभं राहू नका, असं कोंडाजीने चारदा बजावलं होतं. पण कर्नाळ्याचा सुळका दिसला आणि माझ्यातला मास्तर उठला. मंडळींना भूगोल दाखवायला हात लांब केला, मचवा कलला आणि काठावरचं गाठोडं पाण्यात गेलं. त्यात तिने नवऱ्यासाठी घेतलेले घरचे पोहे होते. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली की आता बसा, तुमच्यामागं उडी टाकायला हितं कोणी रिकामं नाय.

प्लेगाच्या आधीची ही गोष्ट. कुंभिवलीचा कोंडाजी दर चैत्रात दहाबारा जणांना गोळा करून एका दिवसात मुंबई दाखवून आणी. कर्जतला आगगाडी होती, पण गाडीत डोळे पोचायच्या आत गाव मागं पडतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून पनवेलपर्यंत बैलगाड्या, ओहोटीबरोबर मचव्याने जायचं आणि भरतीबरोबर परत.

बाकीचे वाघ बघायला निघाले होते. बायजा नवऱ्याला बघायला. सहा वर्षांपूर्वी तो राणीच्या बागेत माळी म्हणून लागला. पहिली दोन वर्षं जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर निरोप यायचे, मग तेही थांबले.

बागेत शिरताच कोंडाजी सगळ्यांना घेऊन पिंजऱ्यांकडे वळला. मी गाठोड्याचा गुन्हेगार, म्हणून बायजाबरोबर राहिलो. ती फुलांकडे बघेना. माळ्यांच्या वाकलेल्या पाठी तेवढ्या निरखीत चालली होती. एका कोपऱ्यात ती थबकली. भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजतात, तसा तिथे एक वाफा भाजायला रचला होता. खाली शेण, वर टहाळ, त्यावर सुका पाला आणि सगळ्यावर चाळल्यासारखी बारीक माती.

"राब हाय," ती म्हणाली. "आमच्याकडचा. यांनीच लावलाय."

आवाज असा की तो आता समोर येणारच असं वाटून मीसुद्धा पागोटं सारखं केलं.

झारी घेऊन एक म्हातारा माळी आला. कोणाला शोधता, असं त्याने विचारलं. बायजाने पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? आणि मी कुंभिवलीत येऊन दोनच वर्षं झालेली. मला तो 'बायजाचा घरधनी' एवढाच ठाऊक.

"पांडवांतला दांडगा," ती पदराआडून पुटपुटली.

"भीम?" मी म्हणालो. "भिवाजी?"

तिने मान डोलावली. म्हाताऱ्याने झारी खाली ठेवली. भिवाजी फार गुणी हाताचा, असं तो म्हणाला. एक साहेब चार वर्षांपूर्वी त्याला आगबोटीतून कुठल्याशा बेटावर बागा लावायला घेऊन गेला. बेटाचं नाव म्हाताऱ्याला सांगता येईना. हा वाफा म्हाताऱ्याने स्वतः रचलेला, पण रीत भिवाजीने शिकवलेली.

बायजा वाफ्याशी बसली. एका कडेला माती पातळ पडली होती. तिथे तिने ओंजळीने माती घातली, हाताने थापली. मग विस्तव वाऱ्याच्या उलट अंगाने लावा, नायतर भडकंल, असं म्हाताऱ्याला समजावलं. तिकडे भरती लागत आल्याचं सांगत कोंडाजी हाका मारीत होता. ती उठेपर्यंत मी त्याला हातानेच थांबवलं.

परतीच्या मचव्यात सगळे वाघाबद्दल बोलत होते. बायजा मात्र धक्क्यावरच्या आगबोटींकडे बघत होती, त्या दिसेनाशा होईतो. मला राहवेना. म्हटलं, "बायजा, येईल गं तो. पुढच्या चैत्रात तुमचा राब तोच भाजील बघ."

तिने तोंड न वळवता सांगितलं, "सहा वर्सं मीच भाजते, मास्तर."