सध्या पाणी चालेल

मिरजेहून निघालो त्या दुपारी टॅक्सीवाला दारात हॉर्न वाजवत होता आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघरात भांडी पालथी घालत होते. मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला सगळं घर निघालेलं, दोन दिवस दाराला कुलूप. माठ रिकामा, पिंप रिकामं, देवापुढचा तांब्यासुद्धा उपडा. विमान चुकलं तर ही भांडीच घेऊन बसा, असं मी ओरडलो. अण्णांनी शेवटचं पातेलं उपडं केलं आणि शांतपणे म्हणाले, "बंद घरात साठलेलं पाणी ठेवायचं नाही. निघताना बघून निघावं." त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याला तेवीस वर्षं झाली. दोन वर्षांत परतायचं ठरलं होतं. आखातात आलेल्या प्रत्येकाने हे वाक्य म्हटलेलं आहे आणि आता ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोन वर्षांसाठी पडदे कशाला, म्हणून आम्ही खिडक्यांना चादरी लावल्या. जेवायला घडीचं टेबल, कपड्यांना चेन लावायचं कापडी कपाट. आमची मृण्मयी इथे जन्मली, इथेच बारावी झाली, आणि तोवर ती कापडी कपाटं तीनदा फाटून तीनदा नवी आली. उम्म अल कुवैनच्या या फ्लॅटमध्ये आम्ही आजही असे राहतो, जणू सामान उद्या बांधायचं आहे. मी तसा राहिलो याचा मला राग आहे, आणि पोरीला तसं वाढवलं याचा जास्त.

मनापासून घेतलेली वस्तू एकच, सेकंडहँड मोटरसायकल. मोठ्या इंजिनाची, रेडिएटरवाली. मृण्मयी तिच्यावरच गाडी शिकली, सुट्टीच्या दिवशी सकाळी, खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर. ती कॅनडाला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, इथला तिचा व्हिसा खलास. जिथे जन्मली तिथे आता ती टूरिस्ट म्हणून येते. ज्यांना हे अन्यायाचं वाटत नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. तिने मागितली ती फक्त गाडी. कॅनडात पंधरा वर्षांहून जुन्या गाडीलाच बाहेरून येऊ देतात, आणि ही तेवढी जुनी होती म्हणून परवानगी मिळाली. मी जबल अलीच्या बंदरावर जाऊन स्वतः क्रेटमध्ये बांधून आलो.

थंडी सुरू व्हायच्या आत मी तिला लांबलचक यादी पाठवली. पेट्रोलची टाकी भरून ठेव, बॅटरी काढून घरात आण, चेनला तेल लाव, कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या आणि स्वतः न गोठणाऱ्या द्रवाची, पातळी बघ. कॅनडातल्या हिवाळ्याबद्दल मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, जन्मात बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलेला माणूस. तिने एकूण एक गोष्ट केली. घरमालकाच्या मागच्या गॅरेजमध्ये, जिथे हीटर नव्हता, गाडी झाकून ठेवली.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. गाडीखाली थारोळं होतं. रेडिएटर फाटला होता आणि इंजिनाला तडा गेला होता. आत गोठून फुगलेल्या पाण्याने धातूही सोडला नव्हता. तिथला मेकॅनिक म्हणाला, यात पाणी फार आहे. सप्टेंबरमध्ये पातळी थोडी कमी दिसली म्हणून तिने कपभर पाणी घातलं होतं. ती रडत होती, आणि मी, ऑफिसला निघालेला तिचा बाप, तिच्यावर चढलो. पाणी घालायची अक्कल कुणी दिली, असं विचारलं. फोन ठेवला, खाली येऊन कारमध्ये बसलो आणि मग आठवलं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या मोटरसायकलचा पाइप गळला होता. इथल्या इंडस्ट्रियल एरियातला मेकॅनिक म्हणाला, कूलंट परसों आएगा, साब. अठ्ठेचाळीस डिग्रीत उभा होतो. यहाँ कौन सी बर्फ पड़ती है, असं मीच हसून म्हटलं, सध्या पाणी चालेल. चलेगा, पर याद से बदलना, तो म्हणाला. मी नळी लावून रेडिएटर पाण्याने भरून घेतला. बदलायचं राहिलं. तिची कपभर चूक तिची नव्हतीच, आत सगळं माझंच पाणी होतं.

आठ दिवस मी गप्प बसलो. ती रोज माफीचे मेसेज पाठवत होती आणि मी अंगठ्याची खूण पाठवत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

सांगितलं. पलीकडून एकच वाक्य आलं, "बाबा, यू लेट मी थिंक इट वॉज मी." त्यानंतर सहा आठवडे तिने फोन केला नाही. मला तिचा राग आला नाही. पहिल्यांदाच वाटलं, हिला तरी नीट रागावता येतं, योग्य माणसावर.

तिने दुसरं सेकंडहँड इंजिन शोधून बसवून घेतलं. ऑक्टोबरात व्हिडिओ कॉल केला, तोही गाडी दाखवायला. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी तिने स्वतः भरलं, सगळीकडे पोचावं म्हणून इंजिन चालू ठेवलं, मग टेस्टरची नळी बुडवून ते किती थंडीपर्यंत गोठणार नाही तो आकडा वाचला. मायनस थर्टी सेव्हन. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय ॲम स्टिल मॅड."

डिसेंबरात ती आमच्याकडे यायला निघाली, टूरिस्ट व्हिसावर. निघताना व्हिडिओ कॉलवर फोन धरून घरभर फिरली, कुलूप लावायच्या आधी सगळं बंद आहे ना म्हणून. ओट्यावर दोन पातेली, एक तांब्या, चहाचं भांडं, सगळं पालथं. मी विचारलं हे काय.

"आजोबा डिड इट एव्हरी जुलै," ती म्हणाली. इथल्या शाळांच्या जुलैतल्या उन्हाळी सुट्टीत मिरजेला पाहिलेलं, अण्णा घर बंद करून निघताना. मी कधी शिकवलं नव्हतं. या फ्लॅटमध्ये मी एकदाही केलं नव्हतं. अण्णांचं घर माझ्या डोक्यावरून थेट तिच्याकडे गेलं होतं, आणि मी तेवीस वर्षं ते मिरजेत कुलपात आहे असं समजत होतो.

ती येणार त्या सकाळी मी खिडकीवरची चादर काढली. कापड मोजून घेतलं, आणि पडदे शिवायला टाकून आलो.