पद्माकरदादांचे हात

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आई होती तोवर तिलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हा हा विषय मनात आला, की पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. कोण जाणे.

आधी कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वळ गावात गोदामांच्या रांगेत एका गाळ्यात आमची लॅब आहे. ई-स्कूटरच्या बॅटऱ्या, चार्जर, वायरिंग — बाजारात जायच्या आधी सगळं आमच्याकडे येतं आणि आम्ही त्याचे हाल करतो. तापवतो, मिठाच्या पाण्यात बुडवतो, हादरवतो, यंत्राखाली धरून चेपतो. मी निजामपुऱ्याची, मास्तरांची मुलगी. लहानपणी हातून कपबशी फुटली तरी तासभर बोलणी खायचे. आणि नोकरी मिळाली ती मोडतोडीची.

पण मोडणं सोपं असतं हो. अवघड असतो तो नंतरचा एक तास. चेपलेली बॅटरी लगेच पेटेलच असं नाही. ती आतल्या आत धुमसते, आणि मग एकदम. म्हणून नियम असा, की चेपल्यावर माणसानं तासभर काचेच्या खिडकीशी बसायचं आणि दर दहा मिनिटांनी मीटरवरचं तापमान हातानं फॉर्मवर लिहायचं. सहा नोंदी, खाली सही. तापमान चढत नसेल तर हिरवी चिठ्ठी बांधायची, चढत असेल तर लाल. लाल असली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही. हिरवी असली की पद्माकरदादा येऊन उचलणार.

पद्माकरदादा वळ गावचेच. तपासलेला माल ट्रेमध्ये घेऊन मागच्या वाळूच्या खोलीत नेऊन ठेवायचा, हे त्यांचं काम. नऊ वर्षांत त्यांच्या हातून एक स्क्रू खाली पडला नव्हता. त्याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? "ताई, खाडीत होडी वल्हवलेला हात हाय ह्यो. सुटायचा न्हाय," म्हणायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला ताई. चिठ्ठी लाल असेल तर दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घालून यायचे, तोंडावर काच लावून. हिरवी असेल तर साधे सुती मोजे. चिठ्ठी बघायची, खालची माझी सही बघायची आणि उचलायचं. दुसरं काही विचारायचे नाहीत.

त्या दिवशी शेजारच्या गोदामात सेल होता. ऑनलाइन मागवून परत आलेला माल आमच्याकडची गोदामं अधूनमधून अशी काढून टाकतात — खोका जरा चेपलेला, आतली वस्तू नवीकोरी. मी नुकतीच एक बॅटरी चेपून खिडकीशी बसले होते. दोन नोंदी झाल्या होत्या, एकतीस आणि एकतीस. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, अगं ये लवकर, मिक्सर संपत आलेत.

मिक्सर. घरी कोणी आजारी नव्हतं, मूल शाळेत पडलं नव्हतं. काही मोठं कारण असतं तर निदान स्वतःला सांगायला बरं झालं असतं.

उरलेल्या चार नोंदी मी बसल्या जागी लिहून टाकल्या. बत्तीस, बत्तीस, एकतीस, एकतीस. अगदी खरे वाटतील असे — इतकी वर्षं तेच तर लिहीत होते. सही केली आणि गेले.

मनातल्या मनात हे मी शेकडो वेळा सांगून पाहिलंय, आणि दरवेळी इथेच थांबलेय. का? कारण इथवरची चूक कोणाच्याही हातून होईल अशी वाटते. पोरगी उठली, सेलला गेली, झालं. ऐकणारा म्हणेल, जाऊ दे गं. पण खरं हे इथे संपत नाही.

मी परत आले तेव्हा तास भरायला सात-आठ मिनिटं होती. मीटरवर एक्केचाळीस होते. मी पाहिले. नीट, थांबून पाहिले. फॉर्मवर एकतीस, मीटरवर एक्केचाळीस. आमच्याकडे फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. आकडा बदलायचा तर त्यावर एक रेघ मारायची, बाजूला खरा आकडा, त्यापुढे कारण, आणि त्याखाली साहेबांची सही. कारण काय लिहू? बगलेत तर खोका होता. मे महिना होता, वरचा पत्रा तापला होता. मी स्वतःला म्हटलं, पत्र्याचीच गरमी असेल. खरंच वाटलं का मला तसं? नाही. दहा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला तसं वाटत नाही. मी हिरवी चिठ्ठी बांधली.

दादा आले, चिठ्ठी बघितली, सुती मोजे चढवले. मी खाली वाकून मिक्सर टेबलाखाली सरकवत होते, तेव्हा 'फस्स' असा आवाज आला. वर बघते तर पॅसेजमध्ये नुसता धूर. वाळूच्या खोलीच्या वाटेवर आमच्या लॅबमधल्या तीन मुली डबा खात बसल्या होत्या. दादांनी ट्रे टाकून दिला असता, तर तो त्या तिघींच्या पुढ्यात पडला असता. त्यांनी टाकला नाही. पेटलेला ट्रे तसाच धरून शेवटपर्यंत नेला आणि वाळूत ठेवला. ठेवला, फेकला नाही. मग हात बघितले.

पुढे चौकशी झाली. फॉर्मवर सहाच्या सहा नोंदी शुद्ध, खाली सही. तापमान चढलंच नव्हतं, मग बॅटरी पेटली कशी? उचलताना दाराला आपटली असणार. साहेब हे विचारायला दवाखान्यात गेले तेव्हा मीही सोबत होते. दादांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. ते म्हणाले, "ताईनं तासभर बघितली ना? म्हंजी बॅटरी बरी व्हती. माझाच हात कुठंतरी आपटला असंल." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला धीर द्यायला.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं. मी मान खाली घातली आणि साहेबांनी लिहून घेतलं.

त्या बॅटरीची रचना कंपनीनं पुढे दुसऱ्याच कारणानं बदलली, ती तशी बाजारात आली नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाला माझ्यामुळे इजा झाली नाही. हे सांगताना मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत नाही. दादांना लॅबनं परत बोलावलं नाही. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. आता ते वळलाच एका गोदामाच्या फाटकावर बसतात, येणाऱ्या ट्रकला आडवा बांबू वर करून देतात. मी रोज रिक्षातून तिथूनच जाते. ते हात वर करतात, मीही करते. मिक्सर अजून चालतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाचं बारसं होतं. मला आग्रहाचं बोलावणं. दादांनी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं, ही आमची ताई, पापणी न लवता तासभर बसायची. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, आणि सून बाळाला घेऊन त्यांच्यापुढे आली. म्हणाली, आबा, आज तरी घ्या.

दादांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. हसत म्हणाले, "नको गं. या हातांचा भरवसा न्हाय. एकदा चुकलेत." मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाले, "ताईकडं दे. तिचं ध्यान असतं."

सुनेनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी घेतलं. दादा समोर चटईवर बसले आणि हात तसेच पाठीमागे ठेवून नातवाकडे बघत राहिले.