कापलेली रिंग

शहाद्यात माझं पाण्याच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं मी विमानाच्या हँगरमध्ये वायरिंगचं काम केलं. गिऱ्हाइकं माझ्यावर वैतागतात, कारण तारेच्या टोकाला मी गोल थिंबलच, म्हणजे धातूची रिंगच, लावतो. ते बसवायला स्क्रू पूर्ण काढावा लागतो. यू आकाराचं थिंबल स्क्रू नुसता ढिला करून आत सरकवता येतं. म्हसावदचा एक केळीवाला तर समोर बसून ओरडतो, "भाऊ, हाई इमान नही, पानीनी मोटार शे. लवकर कर!" मी ऐकत नाही. लोकांना वाटतं मी हट्टी आहे. खरं म्हणजे मी घाबरलेला आहे.

विमानात स्क्रू ढिला झाला, तरी गोल रिंग त्याच्या गळ्यात अडकून राहते. यू असेल तर थरथरीने हळूहळू निसटते. म्हणून आमच्याकडे रिंगच लावायची, चर्चा नाही. हे मीच नव्या माणसांना शिकवायचो.

एका दुपारी मालाच्या दरवाज्याजवळच्या पॅनलमध्ये हात घालून बसलो होतो. दरवाजा नीट लागला नाही, तर वैमानिकासमोर दिवा लावणारी तार बदलायची होती. जागा इतकी अरुंद की नट दिसतच नव्हता, बोटांनी चाचपायचा. आदल्याच आठवड्यात माझ्या हातून एक वॉशर आत पडला होता आणि मी शहाण्यासारखं लगेच सांगितलं होतं. तो सापडेपर्यंत विमान हललं नाही, आणि अख्ख्या शिफ्टने माझा उद्धार केला. रिंगसाठी नट पूर्ण काढला आणि तोही आत पडला तर? पुन्हा हात दाखवून अवलक्षण कशाला, असं वाटलं. मी कटर घेतलं, रिंग कापून तिची यू केली, आत सरकवली आणि नट आवळला. तार ओढून पाहिली. घट्ट होती.

ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते माझे सीनियर खाली उभे होते. त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं, सर."

"तू केलंस ना, मग बघायचं काय त्यात," म्हणत त्यांनी तपासणीच्या कागदावर सही केली.

कापलेला तुकडा माझ्या खिशात होता, कापलेल्या नखाएवढा. आज सांगू, उद्या सांगू करत काही महिने गेले. मग भाड्याची मुदत संपली आणि ते विमान परदेशात परत गेलं. त्या महिन्यांची मला अजून किळस येते.

नोकरी सोडून गावी आलो, तर तो तुकडाही बरोबर आला. तो मी स्क्रूच्या डबीत ठेवलाय. शहाद्यावरून उंच विमानं जातात. आवाज आला की मी हातातलं काम टाकून बाहेर येतो आणि मान वर करून उभा राहतो. बायको चिडवते, "वर काय हारपनं तुमनं?" खाई त्याला खवखवे. मी हसून आत जातो.

गेल्या उन्हाळ्यात तोच केळीवाला जळलेली मोटार आणि स्टार्टर घेऊन आला. माझ्याकडे उशीर होतो म्हणून स्टार्टरचं काम त्याने दुसरीकडून करून घेतलं होतं. मी स्टार्टर उघडला. यू थिंबल स्क्रूमधून निसटून लोंबकळत होतं. "मी तं हात बी नही लावा, भाऊ. आपेआप सुटी गयं," तो म्हणत होता.

त्याच दुपारी सीनियरांना फोन लावला. ते आता निवृत्त आहेत. रिंग, कटर, खिशातला तुकडा, सगळं सांगितलं आणि लहान मुलासारखा रडलो. ते म्हणाले, "त्यावर सही माझी होती ना?"

जुन्या कंपनीला त्यांनीच पत्र लिहिलं. ते विमान पुढे कोणी घेतलं, आता कुठे आहे, आम्हाला माहीत नाही, असं उत्तर आलं.

त्या फोननंतर मला पहिल्यांदा शांत झोप लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लागली.

परवा सीनियरांच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, तुम्ही यांना काय सांगितलंत हो? दिवसभर गच्चीवर असतात. विमान गेलं की खुर्चीतून उठून उभे राहतात. भर उन्हातसुद्धा खाली येत नाहीत. वर काय हरवलंय यांचं?"