कुरडयांखालच्या फळ्या

गेल्या उन्हाळ्यात वादळात आमच्या जामबागच्या भाड्याच्या घरामागचा आंबा आडवा झाला. लाकूडतोडे आले तेव्हा मी कॉलेजची बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभी होते. घरमालकीणबाईंना विचारायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "आंटी, थोडासा तना मेरे कू मिलेगा क्या? गिटार बनाने कू."

"लेलो बेटा, चूल्हे में जाने से अच्छा है ना!"

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यावर आणखी गिटार मागायची हिंमत नव्हती. कॉलेजातली गिटार वाजवायचे आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवायचे. तीच दुरुस्त करायला मैत्रिणीबरोबर सिकंदराबादला गेले, तेव्हा अंकल भेटले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते घरामागच्या शेडमध्ये गिटार बनवतात. आंब्याच्या लाकडाचीही गिटार होते, हे त्यांच्याकडूनच कळलं.

"लकडी तू ला, बनाना मैं सिखाता," ते म्हणाले. "गिटार की पीठ के लिए दो चौड़े तख्ते होना, एक के बाजू एक कटे हुए. दो अच्छे निकले तो गिटार, नै तो स्टूल!"

वखारीत बुंध्याच्या पातळ फळ्या पाडून आणल्या. अंकलनी सांगितल्याप्रमाणे, चिरू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना मेणबत्तीचं मेण लावलं, मध्ये पट्ट्या घालून जिन्याखाली सावलीत रचल्या. वर्षभर येता-जाता मी त्यांना हात लावून बघायचे.

"पुस्तकाला इतका हात लावला असतास तर!" आई म्हणायची. पण तीही तिथला केर स्वतः काढायची.

यंदा आईनं कुरडयांचा घाट घातला त्या दिवशी मी कॉलेजातून आले आणि जिन्याखाली बघते तर काहीच नाही. धावत गच्चीवर गेले. रणरणत्या उन्हात माझ्या फळ्या ओळीनं मांडलेल्या, वर दगड ठेवलेले.

"वर्षभर अंधारात कुठं लाकूड वाळतं का गं?" आई घाम पुसत म्हणाली. "इतकं छान ऊन वाया चाललं होतं."

फळ्या पन्हळीसारख्या वाकल्या होत्या. काहींना लांब चिरा गेल्या होत्या. आईचा चेहरा इतका खुशीत होता की मी नुसतीच दगड काढून एकेक फळी उचलायला लागले. उरल्या होत्या फक्त दोन. त्या तिनं विटांवर ठेवून, वर ओली साडी अंथरून, त्यावर कुरडया घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळा ढीग रिक्षात घालून सिकंदराबाद गाठलं. अंकलनी एक वाकडी फळी उचलली.

"क्या बेटा, तंदूर में डाली थी क्या?"

मी खाली मान घालून कुरडयांचं सांगितलं. ते हसले नाहीत. शेवटच्या त्या दोन फळ्या त्यांनी डोळ्यांसमोर धरून कडेनं पाहिल्या. सरळ! ओल्या साडीनं त्यांना सावली दिली होती. वर कुरडयांची फिकट वेटोळी उमटली होती. अंकलनी एक फळी कोपऱ्याला दोन बोटांत धरून लोंबकळू दिली आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली.

आवाज घुमला. भांड्यासारखा नाही, भिंतीसारखाही नाही. आत कुणीतरी "हं" म्हटल्यासारखा.

"दुसरी भी मारो ना, अंकल!"

दुसरीही तशीच घुमली. मी तिथंच उडी मारली. एकीशेजारी एक कापलेल्याच होत्या त्या. दोन्हींवरच्या लाकडाच्या रेघा जुळत होत्या. चिरा गेलेल्यांतूनही गिटारच्या कडांसाठी अरुंद पट्ट्या निघतील, असं अंकल म्हणाले आणि पेन्सिल शोधायला लागले.

मी शेडच्या दारातूनच फोन लावला.

"आई, तुझ्या कुरडयांखालच्या फळ्या चालल्या! गिटार होतेय!"

"चालणारच की," आई म्हणाली. "पण मग आता मी उरलेला चीक कशावर घालू?"