शिसवीची ओली फळी

इसम नामे लोटन चिंधा सुतार, राहणार भडगाव. सन १९३४ मध्ये विधुर, निपुत्रिक. राहते घर एकखणी, संपूर्णपणे सदर इसमाच्या उपभोगात.

या इसमाने शिसवीची तीन बोटं जाड ओली फळी घरी आणली. त्याची बायको भागाबाई जन्मभर झोपाळा मागत राहिली आणि तो लोकांचे झोपाळे करत राहिला. ती गेल्यावर तिच्या झोपाळ्यासाठी आणलेली पहिली फळी टोकांकडून तडकली. टोकं शेणमातीनं लिंपायचं काम कायम भागाबाईचं होतं, हे लोटनच्या ध्यानात फळी फाटल्यावर आलं.

यंदा या दुसऱ्या फळीची टोकं तो स्वतःच लिंपायला बसला. शेजारची भिकुबाई कुडावरून म्हणाली, "लोटनभाऊ, लाकूड सारवी ऱ्हायनात? लगीन शे का त्यानं?"

"टोकं उघडी ऱ्हायनी का तठूनच आधी सुकस, अक्का. मंग फाटस."

"आनि झोकावर बसी कोन?"

"पहिले वाळू तं द्या."

अशी फळी उन्हापासून लांब, खाली पट्ट्या देऊन, वारा खेळेल इतकी मोकळी ठेवावी लागते. सावली काय ती घरातच होती. शिवाय इतक्या जाड शिसवीला वाळायला दोन उन्हाळे लागतात. ते दोन्ही फळीनं घरात काढले आणि लोटननं अंगणात.